ऐकलंत का?

मला लोकांच्या कानात डोकावायचा पगार मिळतो. ग्लासगोच्या दक्षिण भागातल्या एका हॉस्पिटलात मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे कुणाला किती ऐकू येतं आणि यंत्र लागेल का, हे ठरवणारी बाई. आई म्हणते, "वरदाला लहानपणापासून नको तिथे नाक खुपसायची खोड होती, आता सरकारने कानही हाती दिले." आईचं खरं आहे. मी भोचक आहे आणि मला त्याची लाजबीज वाटत नाही.

काम दिसायला सोपं असतं. पेशंटला आवाजबंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन आणि हातात एक बटण द्यायचं. बारीक शिट्टी ऐकू आली की त्याने बटण दाबायचं. मी काचेपलीकडून बघत असते. लहान मुलं शिट्टी नसतानाही उत्साहाने दाबत सुटतात. काही आजोबा बायको बाहेर बसलेली असेल तर मुद्दाम दाबत नाहीत, बहिरेपणाचं सर्टिफिकेट घरी कामाला येतं म्हणून.

रफाएल कोन्फोर्ती यांची बायको बाहेर बसलेली नव्हती, ती वारून बरीच वर्षं झाली होती. ते शहाऐंशीचे, चष्म्यांचं दुकान चालवून रिटायर झालेले, शर्टाला कडक इस्त्री. मी शिट्टी वाजवली, बटण नाही. मोठी वाजवली, तरी नाही. आगगाडीच्या भोंग्याएवढी केली तरी हा माणूस समोरच्या भिंतीकडे बघत ढिम्म. आणि मी माइकवर पुटपुटले, "एक मिनिट हं, काहीतरी गडबड आहे," तर लगेच म्हणाले, "टेक युवर टाइम."

अशा वेळी आम्ही पेशंटला विचारतच नाही. डोक्याला तारा लावतो आणि थेट मेंदूला विचारतो की बाबा रे, तुझ्यापर्यंत आवाज पोचतोय का. मेंदू म्हणाला, पोचतोय. वयाच्या मानाने उत्तम पोचतोय.

"मिस्टर कोन्फोर्ती, तुम्हाला ऐकू येतं."

"येतं की. नात म्हणते येत नाही, म्हणून आलो."

"मग बटण का नाही दाबलंत?"

त्यांनी हातातल्या बटणाकडे पाहिलं. "दाबायचं होतं. हात हलला नाही. अचानक आवाज आला की माझं असंच होतं. बायको म्हणायची, घराला आग लागली तरी हा मान वळवायचा नाही."

"कधीपासून?"

"चार वर्षांचा होतो तेव्हापासून. मान न वळवण्यावर माझा जीव होता."

पुढचा पेशंट आला नव्हता. आला असता तरी मी त्याला बसवून ठेवलं असतं, हेही कबूल करते. (हे सगळं लिहायला कोन्फोर्तींची परवानगी आहे. नाव बदलू का विचारलं तर म्हणाले, "नावांचा घोळ पुरे झाला.")

ते मूळचे बेलग्रेडचे, ज्यू. जर्मन आल्यावर आईवडील त्यांना घेऊन दक्षिणेकडे पळाले ते अल्बानियात पोचले. जर्मन तिथेही येऊन धडकले, तेव्हा वडिलांनी मुलाला डोंगरातल्या एका गावी, एका मुसलमान जोडप्याकडे ठेवलं. दोघांना मूलबाळ नव्हतं. मुलाला तिथल्या भाषेचा एक शब्द येत नव्हता आणि त्याने तोंड उघडलं असतं तर तिघंही मेले असते. म्हणून त्या बाईने गावाला सांगितलं, हा माझ्या बहिणीचा मुलगा आहे, मुकाबहिरा.

"मुकं होणं सोपं असतं," कोन्फोर्ती म्हणाले, "बहिरं होणं शिकावं लागतं. ती माझ्या मागे उभी राहून तांब्याची परात आपटायची. मी वळलो की पुन्हा पहिल्यापासून. नाही वळलो की एक सुकं अंजीर."

"आणि खरंच कुणी तपासायला आलं?"

"आले ना. एका सैनिकाने माझ्या कानामागे पिस्तूल झाडलं. त्या माणसाचा, घरधन्याचा, हात माझ्या खांद्यावर होता. मी हललो नाही. त्यांचा हात मात्र थरथरला, तो मला अजून जाणवतो."

मी त्यांच्यासाठी पाणी आणलं आणि स्वतःच पिऊन टाकलं.

युद्ध संपेपर्यंत आई टायफसने गेली होती, वडील डोंगरात लढताना. एका मावशीने त्यांना शोधून काढलं आणि ती त्यांना इकडे घेऊन आली. मग अल्बानियाच्या कम्युनिस्ट राजवटीने देशाची दारं बंद केली ती चाळीसपंचेचाळीस वर्षं. पत्र नाही, फोन नाही. मूल भाषा विसरलं, गावाचं नाव विसरलं. राहिलं ते एक नाव: आदेग्यॉन.

"तिला मी नना म्हणायचो. नना म्हणजे आई, ते नंतर कळलं. आणि ती नवऱ्याला हाक मारायची, आदेग्यॉन! मीसुद्धा रात्री पांघरुणात कुजबुजत तसंच म्हणायचो, आणि दोघं पोट धरून हसायचे. का हसायचे, देव जाणे."

"मग पुढे शोधलं नाहीत त्यांना?"

हा प्रश्न विचारायला नको होता. त्यांचा चेहरा पडला. दारं उघडल्यावर ते तिकडे जाऊन आले होते. तसे डोंगर, तशी घरं दिसली तिथे उतरून म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारत फिरले: आदेग्यॉन? आदेग्यॉन? "प्रत्येक जण म्हणायचा, 'पो, पो.' पो म्हणजे हो. आणि मग नुसता माझ्याकडे बघत उभा राहायचा. सगळ्यांना माहीत होता तो माणूस, डॉक्टर. आणि एकानेही पुढे सांगितलं नाही. काहीतरी लपवत होते. मला वाटतं, माझ्यामुळे त्यांचं काहीतरी वाईट झालं असणार."

मी डॉक्टर नाही असं मी सहसा लगेच सांगते. त्या दिवशी सांगितलं नाही.

जेरुसलेमला अशा लोकांचा सन्मान करणारी संस्था आहे, तिथेही त्यांनी कळवलं होतं. त्या नावाचं कुणी सापडलं नाही. आता नातीने सिनेगॉगच्या बागेत एक बाक ठेवायचं ठरवलं होतं आणि त्यावर पितळी पाटी: नना आणि आदेग्यॉन यांच्या स्मरणार्थ. कोरणारा सोमवारी काम सुरू करणार होता. "माझं हृदय काही फार दिवस चालणारं नाही," ते दुकानदाराच्या आवाजात म्हणाले. "मी मेलो की त्यांचं नाव घेणारं जगात कुणी उरणार नाही. म्हणून ते पितळेत हवं."

मी घरी आले ती डोक्यात आदेग्यॉन घेऊनच. गावभर ओळखीचा माणूस, आणि कुणी बोलत नाही. का? जेवताना यतीनला, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं तर तो म्हणाला, "वरदा, पेशंट तपासायचे असतात, पेशंटच्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्या नाही करायच्या."

त्या आठवड्यात माझे आईबाबा नाशिकहून आलेले होते आणि शनिवारी बाबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. माझी मुलगी तनिषा सात वर्षांची, जन्म ग्लासगोचा, मराठी तिच्या मर्जीप्रमाणे. तिने दार बंद करून आजोबांसाठी कार्ड केलं. चकमक, फुगे, आजोबांना होत्या त्यापेक्षा मोठ्या मिशा. वर इंग्रजीत लिहिलेलं: हॅपी बर्थडे ऐकलत्का आजोबा.

"हे काय गं?" यतीनने विचारलं.

"आजोबाची नाव."

"आजोबांचं नाव शशिकांत आहे!"

"नो, डॅडी. आजी रोज म्हणते. अहो, ऐकलत्का! अहो, ऐकलत्का! शी नेव्हर सेज शशिकांत."

आम्ही हसून लोळलो. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. आई तेवढी लाजली आणि म्हणाली, "मग काय नावाने हाक मारू? पन्नास वर्षांत नाव घेतलं ते उखाण्यात. आणि ऐकलंत का म्हणून तरी काय, या माणसाने कधी एकदा मान वळवली असेल तर शपथ!"

हसता हसता मी थांबले. रात्री पांघरुणात एक मूल घरधन्याला हाक मारतंय आणि दोघं पोट धरून हसताहेत. आम्ही आत्ता हसत होतो तसेच.

केक कापायच्या आधी मी कोट चढवून निघाले. कोपऱ्यावर बेस्निकचं सलून आहे. यतीन तिथे केस कापून घेतो, आणि बेस्निक अल्बानियाचा. त्याच्या खुर्चीत एक गिऱ्हाईक होतं, पण मला दम निघत नव्हता. कोन्फोर्तींचं नाव मी काढलं नाही, तो शब्दही उच्चारला नाही. नुसतं विचारलं, "तुझी आजी आजोबांना हाक कशी मारायची?"

"नाव घेऊन नाही हां," तो हसला. "आमच्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत. लाज वाटायची. ती म्हणायची..." त्याने कात्री थांबवून आजीसारखी मान तिरकी केली. "आ दग्योन?"

"म्हणजे?"

"म्हणजे, ऐकतोस का?"

"आणि कुणी अनोळखी माणसाने तुला येऊन विचारलं, आ दग्योन, तर तू काय म्हणशील?"

"पो. हो, ऐकतोय, बोल."

"आणि मग?"

"मग काय, तो काय बोलतोय याची वाट बघत उभा राहीन."

मला तिथेच रडू फुटलं. गिऱ्हाईकाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. कुणी काही लपवलं नव्हतं. एक म्हातारा स्कॉटलंडहून तिथवर जाऊन दारोदार विचारत होता, ऐकताय का, ऐकताय का, आणि लोक बिचारे हो म्हणून पुढचं ऐकायला थांबत होते.

केक पोटात गेला तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पाटी सोमवारी कोरली जाणार. सांगावं तर त्या माणसाकडे असलेलं एकुलतं एक नाव मी काढून घेणार. न सांगावं तर 'ऐकतोस का' यांच्या स्मरणार्थ बाक. यतीन म्हणाला, "लेट इट बी. त्यांना समाधान आहे ना? कुणाचं काय बिघडतंय?"

आई भांडी पुसत होती. ती म्हणाली, "सांग. गावाने लपवलं म्हणून तो मनात कुढतोय ना? ते तरी जाईल. पण एक नाव काढून घेतेस तर रिकाम्या हाताने जाऊ नकोस."

"दुसरं नाव कुठून आणू, आई?"

"अगं, मी नाव घेत नाही, पण बाकीचं गाव घेतं ना! यांचे मित्र फाटकाशी येऊन 'शशाऽऽ' करून केकाटायचे. त्या घराला फाटक नव्हतं का? शेजारी नव्हते?"

मी आईच्या ओल्या हातांची पापी घेतली. तिला ते आवडत नाही.

रविवारी मी कोन्फोर्तींच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. तनिषाचं कार्डही दाखवलं. ते खूप वेळ त्या मोठ्या मिशांकडे बघत राहिले.

"म्हणून हसायचे," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "म्हणजे ते लोक काही लपवत नव्हते."

"नाही."

"आणि मला त्यांचं नाव माहीत नाही. कधी माहीतच नव्हतं." त्यांनी कार्ड मला परत दिलं. "ज्यांनी माझ्यासाठी मान पुढे केली त्यांचं नाव मला माहीत नाही, डॉक्टर."

"फाटकाशी येऊन त्यांना कोण हाक मारायचं?" मी विचारलं.

"यायचे बरेच जण. पण बाहेरून हाक आली की मी... तेव्हाच तर बहिरं व्हायचं असायचं."

"म्हणजे कानावर पडलं होतं."

"मी ऐकलं नाही."

"कानाने ऐकलं होतं. तुमचे कान मी तपासलेत," मी म्हटलं. "आणि ऐकायचं नसलं की तुम्ही कसे ढिम्म होता, हेही मी पाहिलंय." त्यांनी नातीला फोन करून पाटी थांबवायला सांगितली.

मंगळवारी दुपारी मी त्यांना परत त्याच खोलीत बसवलं, स्पीकर पाठीमागे ठेवून. साहेबांना सांगितलं होतं की पेशंटच्या बालपणीच्या भाषेत चाचणी करायची आहे, दुभाषी येतोय. दुभाषी म्हणजे बेस्निक, सलून बंद ठेवून आलेला, अंगाला आफ्टरशेव्हचा घमघमाट. त्याने तिकडे आईला फोन करून आजोबांच्या पिढीतली नावं गोळा केली होती.

"आज बटण नाही," मी कोन्फोर्तींना म्हटलं. "काही करू नका. आठवायचाही प्रयत्न करू नका."

मी काचेपलीकडे बसले. बेस्निक माइकवर एकेक नाव घेऊ लागला, फाटकाशी उभं राहून शेजाऱ्याला हाक मारावी तसं. ओ इब्राहिम! ओ सेलिम! कोन्फोर्ती पहिल्या दोनतीन हाकांना ताठरले, मग सैलावले. ओ दाउत! त्यांनी नाक खाजवलं. ओ मुस्तफा! त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. माझी आशा पातळ होत चालली.

"ओ जेव्देत!"

काचेपलीकडचा माणूस थांबला. हात मांडीवर, नजर भिंतीवर, मान ताठ. छाती वरखाली होईना. परातीच्या आवाजाला, पिस्तुलाच्या आवाजाला जी मान वळली नव्हती ती ही मान. मी बेस्निकला खूण केली, अजून चारपाच नावं मध्ये घाल. त्याने घातली. ते पुन्हा सैलावले, पाय हलवले. मग परत, "ओ जेव्देत!" आणि परत तेच, श्वाससुद्धा नाही.

याला पुरावा म्हणत नाहीत, हे मला कळतं. असा रिपोर्ट मी ज्युनियरला लिहू देणार नाही. पण मी वीस वर्षं लोक आवाजाला काय करतात ते बघतेय, आणि एवढ्या निकराने न ऐकताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

मी माइक घेतला. "मिस्टर कोन्फोर्ती?"

त्यांचे ओठ जेमतेम हलले. "वळू का?"

शहाऐंशी वर्षांचा माणूस मला परवानगी विचारत होता. बेस्निकनेच माइक ओढून घेतला आणि हळू आवाजात म्हणाला, "ओ जेव्देत, आ दग्योन?"

कोन्फोर्तींनी सावकाश, मानेचा एकेक सांधा सोडवावा तशी मान वळवली, स्पीकरकडे बघितलं आणि म्हणाले, "पो."

मग ते दोन्ही हातांत तोंड लपवून रडले. बेस्निक रडला. मी तर आधीच सुरू झाले होते. पुढचा पेशंट दार वाजवत राहिला, आणि तिघांतल्या एकानेही मान वळवली नाही.

जेरुसलेमला नवं नाव कळवलंय. बेस्निकची आई तिकडच्या डोंगरी गावांत चौकशी करतेय. निपुत्रिक जेव्देत, घरात मुकाबहिरा भाचा, एवढी खूण तिला पुरेल असं ती म्हणते. बघू. पाटी मात्र मे महिन्यात लागली. वर नना आणि जेव्देत, आणि खाली, कोन्फोर्तींच्या हट्टामुळे, आ दग्योन?

आईबाबांना परत जायच्या आधी तो बाक बघायचाच होता. कोन्फोर्ती सुक्या अंजिरांचा डबा घेऊन आले होते. आईने पाटीवरचं नाव मला वाचायला लावलं आणि दोनदा स्वतःशी म्हणून बघितलं. "जेव्देत. जेवू देत. किती छान नाव गं, पोराला जेवू देत." मी ते कोन्फोर्तींना इंग्रजीत समजावलं. त्यांनी ते वहीत लिहिल्यासारखं तोंडातल्या तोंडात घोळवलं.

मग ते आणि बाबा शेजारी शेजारी बाकावर बसले, आमच्याकडे पाठ करून. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळे छान जमलं होतं. थोड्या वेळाने गार वारा सुटला. आई बाबांचा मफलर घेऊन मागच्या हिरवळीवर उभी राहिली आणि तिने नेहमीसारखी हाक मारली.

"अहो, ऐकलंत का?"

बाबा ढिम्म. कोन्फोर्तींनी मात्र चटकन मागे वळून पाहिलं.